मॅझिनीचीं पत्रें आणि टपालाची गुप्तता

इ. स. १८४४ च्या वसंतांत लंडनमध्यें राहणाऱ्या एका निर्वासित इटालियन गृहस्थास आपल्या पत्रांविषयीं संशय येऊं लागला. जोसेफ मॅझिनी हें नांव मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. विनायक दामोदर सावरकर यांनीं विलायतेंत असतांना त्याच्या आत्मचरित्राचें मराठी रूपांतर केलें, त्यांचे बंधु बाबाराव यांनीं तें १९०७ सालीं प्रसिद्ध केलें आणि पुढें इंग्रज सरकारनें तें जप्त केलें. परंतु ज्या प्रकरणामुळें हा पुरुष इंग्लंडांत घरोघरीं माहीत झाला, तें प्रकरण टपालाचें होतें. आज आपल्या हातांतील यंत्रावरून जे निरोप जातात-येतात, ते सरकारनें मागितल्यास द्यावे कीं न द्यावे, हा वाद जगभर चालला आहे. त्या वादाचें मूळ स्वरूप समजण्यास याहून चांगलें उदाहरण निदान मला तरी दिसत नाहीं.

मॅझिनी १८३७ पासून लंडनांत राहत होता. तेथील गरीब इटालियन मुलांसाठीं त्यानें एक मोफत शाळा काढली होती. इटलींतील क्रांतिकारकांशीं त्याचा पत्रव्यवहार चालू होता, हेंहि खरेंच. आपल्या पत्रांचे लाखोटे कोणी उघडून पुनः बंद करीत असावें असें वाटतांच त्यानें आरडाओरड न करितां परीक्षा घेतली. स्वतःच्याच नांवानें मित्रांकडून पत्रें टाकविलीं आणि त्यांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, एखादा केस असें कांहीं घालावयास सांगितलें. पत्रें हातीं आलीं, दाणे आले नाहींत. पुरावा जमतांच टॉमस डन्कोंब या सभासदानें ता. १४ जून रोजीं कॉमन्स सभेंत अर्ज दाखल केला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांचें उत्तर थोडक्यांत असें कीं, कायद्यानें हा अधिकार आम्हांस दिलेला आहे; अधिक कांहीं सांगतां येणार नाहीं.

कायदा होता, यांत शंका नाहीं. राणी ॲन हिच्या कारकीर्दींतील १७११ च्या टपाल कायद्यान्वयें मंत्र्याच्या सहीचें वॉरंट असल्यावांचून पत्र फोडणें हा गुन्हा होता. म्हणजे सही असल्यास तो गुन्हा नव्हता. पण लोकांचा संताप अनावर झाला, आणि त्याचें कारण कायद्याच्या पुस्तकांत सांपडणारें नव्हे. अवघ्या चार वर्षांपूर्वीं, १८४० सालीं, रोलंड हिल याच्या सुधारणेनें एका पेनींत पत्र देशाच्या कोणत्याहि टोंकास जाऊं लागलें होतें. ज्यांना पत्र पाठविणें पूर्वीं परवडत नसे तीं सामान्य कुटुंबें नुकतीं कोठें लिहूं लागलीं होतीं. मुलाची आजारपणाची वार्ता, मुलीच्या लग्नाचा विचार, भावाभावांतील देण्याघेण्याचा तंटा, हें सारें आतां लाखोट्यांतून जात असे. परक्या देशाच्या बंडखोराचीं पत्रें फुटतात, तर आपलीं कशावरून फुटत नाहींत? कार्लाइलनें मॅझिनीच्या चारित्र्याची ग्वाही देणारें पत्र ‘टाइम्स’मध्यें छापविलें. ‘पंच’ या विनोदी पत्रानें ग्रॅहॅमची खिल्ली उडविणारे लिफाफे व चिकट्या काढल्या. बिचाऱ्याच्या नांवाचें पत्र फोडणें या अर्थीं क्रियापदच होऊन बसलें!

याच सुमारास एक दुःखद वार्ता आली. अत्तिलिओ व एमिलिओ बांदिएरा हे दोघे व्हेनिसकडील बंधु मूठभर सोबत्यांसह कॉर्फू बेटाहून कालाब्रियांत उतरले होते. ते पकडले गेले आणि ता. २५ जुलै रोजीं कोसेंझाजवळ, त्यांतील सात सोबत्यांसह, गोळ्या घालून मारले गेले. मॅझिनीशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. पत्रांतील मजकूर परराष्ट्रास पुरविला गेला आणि त्यानें यांचा घात झाला, असा आरोप झाला. पार्लमेंटच्या चौकशी-समितीनें तो मान्य केला नाहीं. पत्रें आणि मृत्यु यांतील दुवा निर्विवाद सिद्ध झालेला नाहीं, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलेंच पाहिजे.

मला महत्त्वाचें वाटतें तें समितीनें उघड केलेलें दुसरें अंग. नांवानिशीं काढलेलीं वॉरंटें वर्षाला सरासरी आठांच्या आसपासच होतीं. पण टपालकचेरींत एक गुप्त खातें होतें. तेथें परदेशी वकिलातींचीं पत्रें, प्रत्येकाचें वेगळें वॉरंट न घेतां, फोडून त्यांच्या नकला घेण्याचा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. सांकेतिक लिपी उलगडण्याचें काम तर विलिस नांवाच्या एकाच घराण्याकडे होतें, आणि त्या घराण्याचा मूळ पुरुष एडवर्ड विलिस हा पुढें चक्क बिशप झाला! धर्मोपदेशकानें इतरांचीं पत्रें वाचावीं, यांत कोणास विसंगति वाटली नाहीं. १८४४ सालीं हीं दोन्ही खातीं बंद झालीं. वॉरंटाचा कायदा मात्र जसाचा तसा राहिला.

तोच अधिकार पुढें हिंदुस्थानांत आला. १८९८ च्या टपाल कायद्याच्या २६ व्या कलमानें सार्वजनिक सुरक्षिततेच्या नांवाखालीं पत्र अडविण्याची मुभा सरकारास दिली, आणि तें कलम इंग्रज गेल्यावरहि पाऊणशें वर्षें टिकलें. १९८६ सालीं तें अधिक व्यापक करणारें विधेयक संसदेनें मंजूर केलें, तेव्हां राष्ट्रपति झैलसिंग यांनीं त्यावर सही केली नाहीं. पुढें तें मागें घेण्यांत आलें. २०२३ च्या नव्या टपाल कायद्यांतहि अडवणुकीचा अधिकार आहेच.

मॅझिनीचा काळ आणि आजचा काळ यांत एक मोठा फरक आहे. त्या वेळीं टपाल सरकारचेंच होतें. मंत्र्याच्या सहीस टपालकचेरी नाहीं कशी म्हणणार? आज निरोप नेणारा खासगी आहे, आणि सरकारास त्याजकडे मागणी करावी लागते. अशा कंपनीच्या सौजन्यावर विसंबणें मला शहाणपणाचें वाटत नाहीं. जें तिच्या पेटींत आहे तें आज ना उद्यां द्यावेंच लागतें. म्हणून ‘सिग्नल’ या संस्थेनें निराळाच मार्ग धरला. तेथें निरोप पाठविणाऱ्याच्या यंत्रावर कुलूपबंद होतो व घेणाऱ्याच्याच यंत्रावर उघडतो. मधल्याजवळ किल्ली नसते. २०१६ सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांतील एका फौजदारी चौकशींत तिच्याकडे दोन दूरध्वनि-क्रमांकांची माहिती मागण्यांत आली, आणि ही गोष्ट बाहेर बोलूं नये असाहि हुकूम झाला. एका क्रमांकाचें खातेंच नव्हतें. दुसऱ्याविषयीं संस्थेला देतां आलें तें इतकेंच: खातें केव्हां उघडलें, आणि तें शेवटीं केव्हां जोडलें गेलें. मौनाचा हुकूम वकिलांनीं उठवून घेतला व ऑक्टोबरमध्यें कागदपत्रें प्रसिद्ध झालीं. लाखोट्याच्या बाहेरील बाजूवर असतो तो पत्ता, म्हणजे कोणी कोणास केव्हां लिहिलें ही माहितीहि, एका अर्थानें पत्रच असते. ती जपून न ठेवणें हीच येथें खरी मेख होती.

सरकारांस हें रुचण्यासारखें नाहीं, आणि त्यांची बाजू अगदींच टाकाऊ नाहीं. खोट्या अफवेनें माणसें ठेचून मारलीं जातात, मुलांचा छळ होतो, तेथें पोलिसांनीं हात बांधून बसावें काय? आपल्याकडे २०२१ च्या नियमांनीं मोठ्या निरोप-सेवांवर असें बंधन घातलें कीं, न्यायालयाचा अथवा अधिकृत हुकूम झाल्यास निरोपाचा मूळ प्रवर्तक ओळखतां आला पाहिजे. गंभीर गुन्ह्यांपुरताच हा अधिकार असल्याचें सरकार सांगतें. पण उद्यां कोणता निरोप तपासाला लागेल हें आज ठाऊक नसतें, म्हणून प्रत्येकाच्या निरोपावर आधींच खूण करून ठेवावी लागणार, आणि ती निरपराध्याच्याहि निरोपावर पडणार. मॅझिनीविरुद्धच्या वॉरंटावर निदान एका माणसाचें नांव होतें. हा प्रकार मला त्या गुप्त खात्याच्या अधिक जवळचा वाटतो. ‘व्हॉट्सॲप’ कंपनी मे २०२१ मध्यें या नियमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत गेली. एप्रिल २०२४ मध्यें तिच्या वकिलांनीं न्यायालयास सांगितलें कीं, हें कुलूप मोडावयास लावल्यास आम्हांस हा देश सोडावा लागेल.