तोळा म्हणजे नेमका किती?

गेल्या पावसाळ्यात मी एक उद्योग केला. इंटरनेटवर शोधून प्रयोगशाळेतला वापरलेला इलेक्ट्रॉनिक काटा विकत घेतला. कचेरीतल्या मित्रांनी वेड्यातच काढले. कारकुनाला ग्रॅमच्या शंभराव्या भागाचा हिशेब कशाला हवा? हवा होता, कारण पाच ग्रॅम सोन्यावरून आमच्या घरात आई आणि आत्या वर्षानुवर्षे एकमेकींशी कामापुरतेच बोलत होत्या.

आजीने आईला स्वतःच्या लग्नातल्या पाटल्या दिल्या. आत्याला १९७५ साली तिच्या लग्नात नव्या घडवल्या. 'सुनेला तीन तोळे, लेकीला तीन तोळे' असे आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पुढे आत्याच्या पाटल्या सराफाकडे ३० ग्रॅम भरल्या आणि आईच्या ३५ च्या आसपास. झाले! आजी गेली तरी आत्याच्या मनातली अढी गेली नाही.

काटा दिल्लीच्या एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेतला. हवेची झुळूक लागू नये म्हणून भोवती काचेची पेटी, पायाशी पातळी दाखवणारा बुडबुडा, सगळे शाबूत. कॉलेजातल्या एका मित्राने १०० ग्रॅमचे प्रमाणित वजन आणून ठेवले, तर आकडा आला ९९.९३! फसलो, असेच वाटले. मित्र मात्र हसला. दोन पारड्यांच्या तराजूत वस्तू आणि वजन एकाच जागी असतात, त्यामुळे दोन्हींवर पृथ्वीची ओढ सारखीच. इलेक्ट्रॉनिक काटा ती ओढच मोजतो आणि आपल्याला ग्रॅम म्हणून दाखवतो. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जावे तशी ही ओढ वाढते. दिल्लीपेक्षा गोव्यात ती दहा हजारांत सुमारे सात भागांनी कमी. म्हणजे काटा खोटा नव्हता, तो अजून दिल्लीचाच होता. तेच वजन ठेवून त्याला इथे जुळवून घेतले. (अर्थात दुकानात वापरायचा तर सरकारी शिक्का लागला असता. घरच्या भांडणाला शिक्का लागत नाही.)

आता तोळ्याची गोष्ट. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हे कोष्टक जुने, पण गावोगावी तोळा वेगळा. १८३३ साली कंपनी सरकारने तो १८० ग्रेनवर, म्हणजे ११.६६ ग्रॅमवर आणून ठेवला आणि रुपयाचे नाणेही त्याच वजनाचे केले. रुपया हेच तोळ्याचे वजन! गोव्यात राज्य पोर्तुगीजांचे, पण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८८१-८२ साली पाडलेली इथली चांदीची रुपियाही त्याच वजनाची होती. पारड्यात टाकायला दोन्ही सारखीच.

पुढे भारतात १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने ग्रॅम-किलो आले. १९६१ साली गोवा मुक्त झाला. कागदावरून तोळा गेला, जिभेवरून गेला नाही. सोन्याच्या बाजारात गोळाबेरीज सोपी पडावी म्हणून दहा ग्रॅमलाच लोक तोळा म्हणू लागले. शब्द तोच राहिला, आतले सोने दीड ग्रॅमहून अधिक घटले. तीन तोळ्यांमागे पाच ग्रॅम!

आजीच्या पेटीत कापडात गुंडाळलेली एक रुपिया होती, राजा लुईशचा मुखवटा असलेली, १८८२ ची. ती काट्यावर ठेवली. झिजूनही ११.६२. आईच्या पाटल्या ३४.८७. कागदावर गुणाकार करून पाहिला, तीन रुपियांचे वजन ३४.८६. शेटने पाटल्या घडवल्या तेव्हा दुसऱ्या पारड्यात बहुधा अशीच तीन नाणी असणार. आत्याच्या पाटल्या २९.९४. त्याही तीन तोळेच, फक्त नव्या बाजारातले. आजीने आयुष्यात दोनदा 'तीन तोळे' मागितले आणि दोन्हीदा तिला तीन तोळेच मिळाले.

काटा, रुपिया आणि दोन्ही जोड घेऊन चतुर्थीला आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावून आकडे स्वतः वाचले. मग रुपिया तळहातावर घेऊन बराच वेळ बसून राहिली.

"मगीर इतलीं वर्सां हें कोणेंच कित्याक सांगलें ना?" तिने विचारले.

आई स्वयंपाकघरात नेवऱ्या तळत होती. आत्या उठून तिकडे गेली. त्या दोघी काय बोलल्या, ते तेलाच्या आवाजात मला ऐकू आले नाही.