सुरतेचा दलाल आणि हार्लेमचं अंगण

जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतील. पण फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की त्या लुटीत डच वखारीच्या एका हिंदू दलालाचं घर सोडून दिलं. दलाल वारला होता, पण हयातीत मोठा दानशूर होता, म्हणून. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव मोहनदास पारेख असं येतं.

त्याच सुमारास हॉलंडमधल्या हार्लेममध्ये ऐंशी ओलांडलेला चित्रकार फ्रान्स हाल्स वृद्धगृहाच्या कारभाऱ्यांची चित्रं रंगवत होता. स्वतः कफल्लक, 1664 मध्येच शहरानं त्याला वर्षाला 200 गिल्डर लावून दिले. तीसेक वर्षांपूर्वी यानंच पीटर व्हान डेन ब्रुकचं चित्र काढलं होतं, म्हणजे 1616 मध्ये सुरतेला पोचलेल्या डच व्यापाऱ्याचं! हे जुळल्यावर मला राहवेना.

हॉलंडमधल्या धर्मादाय घरांना हॉफ्ये म्हणतात. मधे अंगण, भोवती छोट्या खोल्या, एकच दार. हार्लेममधलं एक 1395 चं आहे. हाल्सनं रंगवलेलं वृद्धगृह याच घाटाचं. त्यासाठी पैसा उभा करायला 1606 मध्ये सोडत काढली. तीस घरं, दर घरात दोन म्हातारे. वय साठ हवं, अंथरूण-पांघरूण ज्याचं त्यानं आणायचं.

हा घाट आला कुठून? सुरतकर मुगलसराईकडे बोट दाखवतील. शाहजहानच्या काळात, 1644 मध्ये, हज यात्रेकरूंसाठी बांधलेली ही सराई. आज तिथं महापालिका आहे. चौक तोच, खोल्या त्याच. पण हार्लेमचं ते हॉफ्ये तिच्याहून अडीचशे वर्षं जुनं, आणि सराईतला पाहुणा पुढच्या जहाजानं निघून जातो. हॉफ्येतला मरेपर्यंत राहतो. दुसरा दावा बेगीन नावाच्या ख्रिस्ती बायकांच्या वसाहतींचा. कायमची शपथ न घेता, पण जोगिणींसारखं एकत्र राहणाऱ्या या बायकांचं अंगण मी मान्य करतो; घाट त्यांचाच असावा.

पैसा मात्र व्यापाऱ्याचा, आणि माझा हट्ट इथंच आहे. हुंडी चालते ती पतीवर, आणि पत दानधर्मानं वाढते, हे हार्लेमच्या सावकाराला जितकं कळत होतं तितकंच सुरतेच्या दलालालाही. पारेखाचं दान सदावर्तात, पाणपोईत, पांजरपोळात गेलं असावं, असा माझा अंदाज. घरं बांधून देण्याची रीत त्याच्या महाजनात नसावी. तरी त्याची कीर्ती मराठ्यांच्या छावणीपर्यंत पोचली होती. हार्लेमच्या कुठल्या कारभाऱ्याला तेवढं जमलं असतं का, शंकाच आहे.