पेर लाशेझ : पॅरिसमधील एका स्मशानाची जमीन

स्मशानासारखा विषय व्याख्यानमालेत कशाला, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. आपल्यातले बहुतेक लोक प्रेत जाळणारे; राख नदीत सोडली की जागेचा प्रश्न मिटला. पण जेथे पुरण्याची चाल आहे, तेथे चाळीतल्या खोलीसाठी चालते तेच भांडण साडेतीन हात जमिनीसाठीही चालते. ते आम्हांला सर्वांत स्पष्ट दिसले पॅरिसच्या पेर लाशेझ स्मशानाच्या इतिहासात.

पूर्वी पॅरिसमध्ये प्रेते भर वस्तीत, चर्चच्या आवारात पुरीत. बाजारपेठेला लागून असलेल्या ‘निष्पापांच्या’ स्मशानात शतकानुशतके थरावर थर चढत गेले, आणि 1780 साली शेजारच्या घराच्या तळघराची भिंत त्या भाराने फुटली. स्मशान बंद झाले, आणि 1786 पासून तेथील हाडे गाड्यांत भरून जुन्या दगडखाणींत नेऊन टाकण्यात आली. पुढे नेपोलियनच्या राजवटीत, 1804 साली, शहराच्या पूर्वेकडील एका टेकडीवर नवे स्मशान उघडले. ही जागा पूर्वी जेझुइट पंथीयांची. चौदाव्या लुईचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू पेर द ला शेझ याचा येथे वास असे. त्याचेच नाव स्मशानाला पडले. ब्रोन्यार या वास्तुकाराने ते बागेसारखे आखले. आरंभी जागा सुमारे 42 एकर होती, ती वाढत आज सुमारे 108 एकर झाली आहे.

त्याच वर्षीच्या सरकारी हुकुमात खरी गोम आहे. साधी थडगी पाच वर्षांनी पुन्हा उकरावयास मोकळी. कायमची जागा हवी असेल, तर पैसे मोजावेत आणि वर गोरगरिबांसाठी व इस्पितळांसाठी देणगी द्यावी! म्हणजे श्रीमंताचे थडगे अक्षय, आणि गरिबाने चरात पाच वर्षे काढून दुसऱ्याला जागा करून द्यावयाची. भाडेकरूला मुदतीची नोटीस येते, त्यातलाच हा प्रकार.

इतके करूनही पहिल्या वर्षांत गिऱ्हाईक मिळेना. जागा गावाबाहेर, दूर पडे. तेव्हा 1817 साली मोलियेर व ला फाँतेन यांची म्हणून समजली जाणारी हाडे आणि आबेलार-एलोईझ या प्रसिद्ध प्रेमिकांचे अवशेष येथे आणले. ती हाडे खरोखर त्यांचीच होती काय, याविषयी जाणकार शंका घेतात. धनिकांना मात्र शेजार आवडला.

आता 1871. पॅरिसच्या कष्टकऱ्यांनी शहराचा कारभार हाती घेतला. हेच पॅरिस कम्यून. ते मोडण्यासाठी व्हर्सायच्या सरकारने फौज धाडली. 27 मे रोजी कम्यूनच्या शेवटच्या लढवय्यांपैकी काही ह्या थडग्यांच्या आडोशाने लढले; फाटक तोफेने फुटले. दुसऱ्या दिवशी पकडलेल्या 147 जणांना पूर्वेच्या भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या आणि तेथल्याच चरात टाकले. ह्या माणसांना कायमची जागा कोण विकत घेऊन देणार? उलट सरकारी फौजेचा सूत्रधार त्येर 1877 मध्ये वारला, आणि त्याच स्मशानात त्याचे भले थोरले स्मारक उभे राहिले.

भिंतीजवळच्या त्या पट्टीची मालकी मग लोकांनी आपल्या पायांनी मिळवली. 1880 च्या मेमध्ये पहिला जमाव तेथे गेला. कम्यूनच्या लोकांना सार्वत्रिक माफी जुलैत, म्हणजे त्यानंतर, मिळाली. 1885 साली लाल झेंड्यांवरून तेथेच पोलिसांशी चकमक झाली. तरी दर मे महिन्यात लोक येत राहिले. ‘इंटरनॅशनल’ गीत लिहिणारा पोतिए 1887 मध्ये ह्याच स्मशानात विसावला. 1908 साली भिंतीवर पाटी बसली. तिच्यावर कम्यूनचे मृत आणि 21 ते 28 मे 1871 एवढेच कोरले आहे. मारले कोणी, त्याचा उल्लेख नाही. 1983 साली फ्रान्स सरकारने ती भिंत ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदली.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट राहिली. ह्याच टेकडीवर टाटा घराण्याचीही जागा आहे. 1993 साली जिनिव्हात वारलेले जे. आर. डी. टाटा तेथेच विसावले आहेत. ती अर्थात कायमच्या जागांपैकी.