सनरूफ गळते ते कोठून?

मोटारीच्या छतात बसविलेली सरकती काच, अर्थात सनरूफ, ही एके काळी परदेशी बनावटीच्या महागड्या गाड्यांची मिरासदारी होती. ते दिवस आता मागे पडले. २०२३ मध्ये ह्युंदाई एक्स्टर आणि टाटा पंच यांसारख्या छोट्या गाड्यांच्या वरच्या श्रेणींतही सनरूफ मिळू लागले. गाडीने चार-पाच पावसाळे पाहिले, की मात्र एक तक्रार वरचेवर कानी येते. रात्रभर पाऊस पडतो आणि सकाळी दार उघडावे तर पायाखालचे कार्पेट ओले, काचा आतून धुरकटलेल्या आणि गाडीत कुबट वास. वाहनधारकाचा पहिला संशय काचेभोवतीच्या रबरावर जातो. गॅरेजमध्येही अनेकदा तेच निदान होऊन सिलिकॉनची ट्यूब बाहेर काढली जाते. बहुतेक वेळा रबर निर्दोष असते. खरी अडचण छताच्या कोपऱ्यांतून खाली उतरणाऱ्या, पण कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या बारीक नळ्यांत असते.

काचेखालची पन्हळ

बंद सनरूफ पाणी पूर्णपणे अडविते, हा समज मुळातच चुकीचा आहे. काचेच्या कडेची रबरी पट्टी पावसाचे बहुतेक पाणी छतावरून बाहेरच्या बाहेर ओघळू देते. तथापि काच सरकती असल्याने ती समोरच्या काचेप्रमाणे कायमची चिकटविता येत नाही. थोडेफार पाणी फटीतून झिरपणार, हे गृहीत धरूनच सनरूफची रचना केलेली असते. हे पाणी झेलण्यासाठी चौकटीभोवती एक उथळ पन्हळ असते. पन्हळीच्या कोपऱ्यांत छिद्रे असतात व प्रत्येक छिद्राला एक लवचिक नळी जोडलेली असते. सर्वसाधारणपणे अशा नळ्या चार असतात. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून उतरतात आणि गाडीच्या घडणीनुसार पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा फेंडरच्या पोकळीत उघडतात. मागच्या दोन नळ्या मागील खांबांतून चाकाच्या कमानीपर्यंत किंवा बंपरच्या आडपर्यंत पोहोचतात. गच्चीवरच्या पावसाळी पाइपच्या तोंडाशी चार पाने अडकली, की वरच्या मजल्याच्या छताला ओल येते, हे प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला ठाऊक असते. गाडीच्या छतात नेमके तेच घडते.

पाण्याचे प्रमाण किती, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी जमते. सनरूफची काच ०.४ चौरस मीटरची धरली, तर तासाला ५० मिलिमीटर वेगाच्या पावसात तिच्यावर तासाभरात २० लिटर पाणी पडते. पॅनोरॅमिक सनरूफची काच याहून कितीतरी मोठी असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. म्हणजे त्या दिवशी उघड्यावरच्या प्रत्येक चौरस मीटरने ९४४ लिटर पाणी झेलले. या पाण्याचा अगदी लहान वाटा पन्हळीत उतरतो, हे खरे. परंतु नळी बंद असेल तर गाडी ओली करण्यास तेवढाही पुरतो.

नळ्या करंगळीहूनही बारीक असतात. सनरूफ उघडले, की झाडाखालचा कचरा थेट पन्हळीत पडतो. गुलमोहर, चिंच आणि पर्जन्यवृक्ष यांची बारीक पाने जणू त्या छिद्रांच्या मापानेच घडविलेली असतात. कडुनिंबाचा मोहोर, परागकण आणि रस्त्यावरची धूळ यांचा पहिल्या सरीत चिखल होतो. कोकणात त्यात तांबड्या मातीची आणि शेवाळाची भर पडते. अनेक गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला एक रबरी झडप असते. बाहेरची धूळ, किडे आणि आवाज आत येऊ नयेत, हा तिचा हेतू. गाळ नेमका तिच्यातच साचतो आणि वरून पाहणाऱ्यास छिद्र स्वच्छ दिसते. झडप नसेल, तर उघडे तोंड कुंभारीण माशीला मातीचे घर बांधण्यास सोयीचे पडते. उन्हाळाभर सावलीसाठी झाडाखालची जागा शोधणारा मालक अशा रीतीने पावसाळ्यातील गळतीची तजवीज स्वतःच करीत असतो.

आत शिरलेले पाणी

पन्हळ काठोकाठ भरली, की पाणी छताच्या आतील अस्तरात उतरते. कधी ते केबिनच्या दिव्याजवळून ठिबकते, कधी सन-व्हायझरच्या कडेने ओघळते. साचलेले पाणी ब्रेक दाबताच पुढे झेपावते आणि चालकाच्या मांडीवर अचानक धार पडते. गाडी उताराकडे तोंड करून उभी असेल तर पुढच्या नळ्यांवर भार येतो, चढाकडे असेल तर मागच्या. त्यामुळे घरी न गळणारी गाडी कार्यालयाच्या रॅम्पवर गळते, असा चमत्कारही अनुभवास येतो.

डोळ्यांना दिसणारी गळती त्यातल्या त्यात बरी म्हणावी लागेल. नळी जोडापासून निसटली किंवा चिरली असेल, तर पाणी खांबाच्या आतून गुपचूप उतरते आणि कार्पेटखालच्या फोममध्ये मुरते. हा फोम स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो; वर हात फिरविला तर कार्पेट कोरडे लागते. याच भागातून गाडीचे वायरिंग गेलेले असते. आसनातील एअरबॅगचे व सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचे कनेक्टर आसनाखाली असतात. एअरबॅगचे नियंत्रण करणारा संचही अनेक गाड्यांत दोन आसनांच्या मधोमध, फरशीच्या उंचवट्यावर बसविलेला असतो. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढला, की डॅशबोर्डवर एअरबॅगचा इशारादर्शक दिवा लागतो. हा दिवा लागलेल्या गाडीत अपघातसमयी एअरबॅग उघडेलच, याची खात्री देता येत नाही. बुरशीचा वास आणि डागाळलेले अस्तर सुगंधी फवारे मारून झाकले जाते. आसनाखालच्या पिना मात्र झिजतच राहतात. मागच्या नळ्या तुंबल्या, तर पाणी डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात साठते आणि पंक्चर होईपर्यंत कोणी तेथे डोकावतही नाही.

ओल्या कार्पेटचा दोष सरसकट सनरूफवर टाकणेही योग्य नव्हे. एसीचे पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली, तरी पुढच्या आसनाच्या पायाशी ओल येते. फरक असा, की ती ओल कोरड्या दिवशी एसी चालविल्यावरही येते. ओल चिकट असून तिला गोडसर वास येत असेल, तर हीटरमधून कूलंट गळत असल्याचा संशय घ्यावा. दाराच्या आतील प्लॅस्टिकचा पडदा फाटल्यास दारालगतची कडा भिजते. बॉनेट आणि काच यांच्या मधल्या जाळीखाली पाने साचूनही पाणी आत शिरते.

पेलाभर पाण्याची परीक्षा

सनरूफच्या नळ्या तपासण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, सनरूफ पूर्ण उघडावे आणि पन्हळीतील पाने, माती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. कचरा बोटाने छिद्राकडे ढकलण्याची चूक हमखास होते, ती टाळावी. नंतर पुढच्या एका कोपऱ्यात सुमारे १०० मिलिलिटर पाणी सावकाश सोडावे. काही क्षणांत त्याच बाजूच्या चाकापाशी किंवा दाराच्या फटीतून पाणी जमिनीवर पडू लागले, तर नळी मोकळी आहे. पाणी पन्हळीतच थांबले, तर ती तुंबली आहे. पाणी वरून नाहीसे झाले, पण खाली आलेच नाही, तर प्रकरण गंभीर आहे. अशा वेळी नळी आत कोठेतरी सुटलेली असण्याचा संभव असल्याने आणखी पाणी ओतू नये. पॅनोरॅमिक सनरूफमध्ये मागची छिद्रे काचेखाली दडलेली असल्याने मागच्या नळ्यांची परीक्षा सर्व्हिस सेंटरवर सोपविणे बरे.

तुंबलेली नळी मोकळी करण्यास ग्रास कटरमध्ये वापरली जाणारी सुमारे दोन मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी उत्तम. ती नळीच्या वळणांबरोबर वळते आणि तुटत नाही. तिचे टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून गोल करावे, म्हणजे नळीला इजा होत नाही. दोरी हलक्या हाताने फिरवत आत सारावी, अडली की थोडी मागे घ्यावी, पुन्हा सारावी. मधूनमधून कोमट पाणी सोडावे. खालचे टोक हाती लागत असेल, तर तेथील रबरी झडप दोन बोटांनी दाबून गाळ बाहेर काढावा. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते. काही कारागीर झडप कापूनच टाकतात. त्याने निचरा सुधारतो, पण धूळ आणि किड्यांना वाट मोकळी होते. सायकलच्या ब्रेकची तार वापरण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो, परंतु तिच्या उसवलेल्या टोकाने नळी आतून फाटू शकते.

सर्वांत मोठा धोका हवेचा आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा वरून सोडली, की कचरा क्षणात उडून जाईल, असे वाटते. प्रत्यक्षात गाळ घट्ट बसला असेल, तर दाबाने नळीच आतल्या जोडापासून निसटते आणि काही शे रुपयांच्या कामासाठी छताचे अस्तर उतरविण्याची पाळी येते. हवाच वापरायची तर सायकलच्या हातपंपाची, तीही बेताने. खांबावरचे प्लॅस्टिकचे आवरण घरी उचकटू नये. पडदा एअरबॅग असलेल्या गाड्यांत ती एअरबॅग तेथूनच गेलेली असते.

सिलिकॉनने फटी बुजविण्याच्या उपायाबद्दल स्पष्टच सांगावयास हवे. फटी बुजविल्याने नळ्या मोकळ्या होत नाहीत, काच मात्र कायमची बंद होते आणि एखाद्या सुटलेल्या कडेतून शिरलेले पाणी पूर्वीप्रमाणेच आत उतरते. रबराची निगा राखावी, ती सिलिकॉनयुक्त वंगणाने. खनिज तेलाचे साधे ग्रीस लावल्यास रबर फुगते.

निचऱ्याच्या क्षमतेलाही मर्यादा असते. २०२३ च्या सुरुवातीला एका नव्या गाडीत धबधब्याखाली उभी असताना छतातून पाणी शिरल्याची चित्रफीत देशभर गाजली. गाडी पावसासाठी घडविलेली असते. धबधब्याचा लोट किंवा वॉशिंग सेंटरमधील दाबाची धार थेट काचेच्या कडेवर घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

जबाबदारी कोणाची, हा वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या काही मॉडेलांतील सनरूफ पानाफुलांच्या कचऱ्याने व परागकणांनी तुंबून गाडीत पाणी शिरते आणि हा रचनेतील दोष आहे, असा वाहनमालकांचा दावा होता. त्यातून झालेली तडजोड २०१२ मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरविली. दोष रचनेचा की देखभालीचा, या प्रश्नाला न्यायालयाने तेथे हात घातला नाही. सर्व वाहनमालकांचे प्रतिनिधित्व योग्य रीतीने झाले की नाही, हा तेथील मुद्दा होता. भारतात मोटार विम्याच्या प्रचलित अटींत झीज आणि विद्युत वा यांत्रिक बिघाड यांना संरक्षण नसते. त्यामुळे तुंबलेल्या नळीने खराब झालेल्या वायरिंगचा खर्च बहुधा मालकाच्याच खिशातून जातो.

कोकणात मृगापूर्वी घरे शाकारण्याची रीत आहे; नळ्यांची सफाईही त्याच सुमारास, मे महिन्याच्या अखेरीस करावी. गाडी झाडाखाली उभी राहत असेल, तर पावसाळ्याच्या मध्यावर पुन्हा एकदा. पाणी आत शिरलेच असेल, तर कार्पेट उन्हात वरवर सुकविणे निरुपयोगी असते. आसने काढून कार्पेट उचलावे लागते आणि खालचा फोम पूर्ण वाळू द्यावा लागतो. जुनी गाडी घेताना आसनांचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डा यांत गंज दिसला, तर गाडी पुरात सापडलेली असावी, असा संशय येणे स्वाभाविक आहे. परंतु इंजिनाच्या कप्प्यात आणि दाराच्या आत चिखलाची रेघ नसेल, तर व्यवहार मोडण्यापूर्वी सनरूफच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतून पाहावे.