जुन्या छायाचित्राची शाळा

छायाचित्र हे इतिहासाचे साधन आहे, हे आता सर्वमान्य आहे. परंतु एका छायाचित्रकाराचे काम ही दुसऱ्याची शाळाही होऊ शकते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. दख्खनच्या इतिहासात याचा एक बोलका दाखला आहे.

१८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज यांना विजापूर, बदामी येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्यास धाडले. त्याच सुमारास मद्रास पलटणीतील अलेक्झांडर ग्रीनलॉ हा अधिकारी तुंगभद्रेकाठच्या हंपीत काम करीत होता. १८५६ साली त्याने मेण लावलेल्या मोठ्या कागदी निगेटिव्हवर तेथील भग्न नगरी टिपली. त्या कागदावर चित्र उमटण्यास बराच वेळ लागे. चालत्या माणसाचा मागमूसही राहत नसे. उरत ती मंदिरे, खडक आणि सावल्या.

पुढे १९८३ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन गॉलिंग्ज ग्रीनलॉची चित्रे घेऊन हंपीस आले आणि त्याच जागांवरून त्यांनी पुन्हा कृष्णधवल छायाचित्रे घेतली. अशी जागा शोधणे सोपे नसते. जुन्या चित्रात जवळचा खांब मागच्या टेकडीच्या ज्या भागाला झाकतो, तोच भाग पुन्हा झाकला जाईपर्यंत पाऊल इकडेतिकडे सरकवावे लागते. दिवसाची वेळ सावली सांगते. हा निव्वळ अनुकरणाचा भाग नव्हे. दुसऱ्याच्या नजरेपुढे आपली नजर काही काळ नमविण्याची ही साधना आहे.

तिचे फळही मोठे आहे. विठ्ठल मंदिरापुढील दगडी रथावर ग्रीनलॉच्या चित्रात विटांचे शिखर दिसते. आज ते नाही. रंगांचा मोह नसल्यामुळे असा फरक चटकन डोळ्यांत भरतो.

हंपी राजधानी होती, म्हणून तिचे चित्र कोणी काढले आणि कोणी जपले. आपल्या विश्रांतवाडीचे काय? आळंदी रस्त्याच्या कडेची मोकळी जमीन आणि धानोरीकडच्या टेकड्यांचे उघडे उतार इमारतींआड गेले. त्यांची साक्ष कदाचित धर्मग्रामातील एखाद्या कुटुंबाच्या पेटीतच असेल: लग्नाच्या किंवा पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या कृष्णधवल छायाचित्रात, माणसांच्या पाठीमागे.

वाचकहो, ती छायाचित्रे बाहेर काढा. वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांना विचारून मागील बाजूस ठिकाण व साल पेन्सिलीने लिहा. मग घरातील एखाद्या मुलाला कॅमेरा देऊन त्याच जागी उभे करा. आपले आजोबा कोठे उभे होते, हे त्याला पावलांनी शोधू द्या.