अन्नवस्त्रापासून सातबाऱ्यापर्यंत

आज बोलायचंय म्हातारपणाबद्दल. 'त्याला अजून अवकाश आहे' म्हणून रेडिओ बंद करू नका. थकल्यावर बाईला कोण सांभाळणार, हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनाही पडला होता. त्याचं उत्तर कसं बदलत गेलं, ते आज बघू.

जुन्या काळी एक शब्द होता, अन्नवस्त्र. एकत्र कुटुंबात नवरा वारला की त्याचा वाटा मुलांकडे जायचा, मुलगा नसेल तर दीर-पुतण्यांकडे. विधवेला उरायचा तो अन्नवस्त्राचा हक्क. म्हणजे दोन वेळची भाकरी, अंगाला लुगडं आणि राहायला घरातला एक कोपरा. ज्या रानात तिने जन्मभर खुरपलं, त्या रानावर तिचं नाव नसायचं. अंगावरचं स्त्रीधन तेवढं तिचं. घरची माणसं चांगली निघाली तर निभावलं, नाहीतर सगळे दिवस दुसऱ्याच्या मर्जीवर.

ही मर्जी संपवायची तर बाईच्या हातात काहीतरी हवं, हे ज्यांनी ओळखलं त्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तो पुढे हिंगण्याला गेला. तिथे आलेल्या विधवा बहुतेक तरुण, कित्येक तर अजून मुलीच होत्या. त्यांना लिहा-वाचायला आणि स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवलं गेलं. मला तर वाटतं, ती म्हातारपणाचीच तरतूद होती, फक्त विशीत सुरू केलेली.

मग कायदा हलला. १९३७ साली हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा मिळाला, पण तो हयातीपुरता. उत्पन्न खायचं, पण आपल्या मनाने विकायचं नाही आणि मृत्युपत्रही करायचं नाही. तिच्यामागे जमीन पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा 'हयातीपुरता' शब्द काढून टाकला. बाईच्या वाट्याला आलेलं ते तिच्या पूर्ण मालकीचं झालं. विधवा, मुलगी आणि आई या मुलाच्या बरोबरीने वारस ठरल्या. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. २००५ च्या देशभराच्या दुरुस्तीने ती अटही गेली. इतर धर्मांतल्या बहिणींचे वारसा नियम वेगळे आहेत, ते जाणकाराकडून समजून घ्यावेत.

कायदा झाला, पण सातबाऱ्यावर नाव लागेना. लागलंच तर नवरा गेल्यावर, वारसनोंदीच्या वेळी. तेही भावकीने आडवं नाही घातलं तर. म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या हयातीतच बायकोच्या नावे जमीन करून दिली. १९९२ मध्ये राज्य सरकारनेही आदेश काढला, की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं. तीस वर्षं उलटली. आपल्यातल्या किती जणींचं नाव लागलंय?

जिच्याकडे जमीनच नाही तिचं काय? महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार योजना आली. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली, तेव्हा केंद्राचा वाटा होता महिना ७५ रुपये. आपल्या राज्यात श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये महिना १५०० रुपये झाली. त्यासाठी वय ६५ पूर्ण लागतं आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. कितीतरी मावश्यांचे अर्ज अडतात ते वयाच्या पुराव्यावर. आधारवरची जन्मतारीख चुकली असेल तर ती आत्ताच दुरुस्त करा, पासष्टीची वाट बघू नका.

आणि पोटचीच मुलं बघत नसतील तर? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आई-वडिलांना पोटगी मागायचा हक्क दिला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी आहे. तो खटला आपल्याच महाराष्ट्रातला. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा कायदा आला, तो सगळ्या धर्मांना लागू आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा, वकील लावायची गरज नाही. महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो.

याच कायद्याचं कलम २३ नीट ऐका. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाला दिली आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. पण अट त्या कागदातच लिहिलेली असावी. 'माझा लेक काय मला टाकणार आहे का' म्हणत कोऱ्या विश्वासावर अंगठा उठवलेल्या मावश्या मी पाहिल्यात. लेकावर माया जरूर करा, पण अट लिहून घ्या. भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करतानाही घाई नको, आधी घरी आणून वाचून घ्या.

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. म्हातारीला मिळालेला प्रत्येक हक्क कागदावर आला, पण तो कामी आला तिच्याच, जिने हातपाय चालत असताना कागद करून ठेवला.

पैशाचंही तसंच. २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. १८ ते ४० वयात, आयकर भरत नसाल तर बँकेत किंवा पोस्टात नाव घालता येतं. साठीनंतर महिना हजार रुपये हवे असतील तर तिसाव्या वर्षी सुरू करणारीला महिना ११६ रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी सुरू करणारीला २९१. उशीर महागात पडतो तो असा. हजार रुपये तेव्हा पुरणार नाहीत हेही खरं, १९९५ चे ७५ रुपये आठवा. म्हणून झेपेल तर मोठा टप्पा घ्या, तो पाच हजारांपर्यंत आहे. चाळिशी ओलांडलेल्या बहिणींनी स्वतःच्या एकटीच्या नावाने पोस्टात किंवा बँकेत दरमहा ठेव सुरू करावी आणि वारसदाराचं नाव आठवणीने घालावं.

येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की एक काम करा. प्रत्येकीने सातबारा, घराचा उतारा, आधार आणि पासबुक आणावं. कुणाचं नाव कुठे आहे आणि कुठे नाही, ते गटाच्या वहीत मांडावं. जिथे नाही तिथला अर्ज एकटीने करू नका, दोघी-तिघी मिळून तलाठ्याकडे जा. आपल्या पणजीला अन्नवस्त्रावर भागवावं लागलं, आपल्याला तसं भागवायचं नाही.