मणी, मोती आणि तार: सदाशिव पेठेतील घरगुती दागिन्यांची पूर्वपीठिका

दागिन्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची नजर साहजिकच सोनाराच्या बागेसरीकडे, म्हणजे शेगडीकडे, जाते, कारण धातूला वजन असते, वजनाला किंमत असते आणि किमतीची नोंद खतावणीत उरते. मोती ओवणारे, मणी गाठवणारे आणि बारीक तारेला वळण देणारे हात मात्र अशा नोंदींत क्वचितच सापडतात. पुण्याच्या सदाशिव पेठेत आज घरोघरी हौसेने केल्या जाणाऱ्या मण्यांच्या व तारेच्या दागिन्यांचा वारसा सोनारकामापेक्षा या दुसऱ्या कामाकडून आला आहे, आणि त्यामागचे कारण मोत्याच्या प्रकृतीत आहे. मोत्याला आच सोसत नाही. विस्तवाजवळ नेला की त्याचे पाणी, म्हणजे त्याची झळाळी, जाते. म्हणून मोत्यालगत डाग देता येत नाही, म्हणजे धातूचा सांधा वितळवून जोडता येत नाही. त्यामुळे मोत्यांचा दागिना पुरा करताना विस्तवाशिवायचे काम वेगळे काढावे लागते, ते दोऱ्याने किंवा तारेने करावे लागते, आणि ज्या कामाला भट्टी, तेजाब किंवा कसोटीचा दगड लागत नाही ते काम माजघरात शिरायला फारशी अडचण पडत नाही.

ओवण्याची कला या प्रदेशात किती जुनी आहे, याचे पुरावे पुण्यापासून फार दूर नाहीत. घोड नदीकाठच्या चांडोली येथील आणि प्रवरेकाठच्या नेवासे येथील उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, वस्तीत तांब्याचे मणी दोऱ्यासकट हाती आले. चांडोलीचा दोरा जवसाच्या तंतूंचा निघाला, तर नेवाशाच्या दोऱ्यात कापसाबरोबर रेशमाचा अंश आढळला. तांब्याच्या क्षारांमुळे धाग्याचे ते तुकडे टिकले. एरवी माळेतला दोरा सर्वांत आधी नष्ट होतो आणि मागे सुटे मणी तेवढे उरतात.

सदाशिव पेठ पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नावारूपाला आली. तांबट, कासार, सोनार यांची वस्ती प्रामुख्याने कसबा, रविवार, बुधवार या जुन्या व्यापारी पेठांकडे राहिली. सदाशिव पेठ ही कारकून, शास्त्री, भिक्षुक आणि सरदारांच्या वाड्यांची, म्हणजे दागिने घडवणाऱ्यांपेक्षा वापरणाऱ्यांची पेठ होती. पेशवाईतील प्रतिष्ठित वर्गाची आवड मोत्यांकडे झुकलेली होती. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने १७९० च्या दशकात रंगवलेल्या सवाई माधवरावांच्या चित्रात मोत्यांच्या माळा ठळक दिसतात, आणि स्त्रियांच्या अंगावर तन्मणी (मोत्यांचे अनेक सर आणि मधोमध खड्यांचे पदक), चिंचपेटी (मोत्यांच्या लहान चौकोनी पेट्या जोडून गळ्याशी घट्ट बसणारा दागिना), कुडी आणि नथ हे अलंकार रूढ झाले. हे मोती इराणच्या आखातातून येत आणि बसरा बंदराच्या नावावरून त्यांना बसरा मोती म्हणत.

या मोत्यांना दागिन्याचे रूप देणारा कारागीर म्हणजे पटवेकरी. रेशमाचा पीळ देणे, गोंडे करणे, करगोटे विणणे आणि दागिने गाठवणे हा त्याचा व्यवसाय होता. गाठवणे म्हणजे केवळ ओवणे नव्हे, तर मण्यांच्या मधे व टोकांना अशा गाठी देणे की दोरा तुटला तरी सर्व माळ जमिनीवर सांडू नये आणि सरकगाठीने तिची लांबी कमी-जास्त करता यावी. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून तो ताणायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून गाठी पाडायच्या, ही त्याची बैठक असे. घामाने आणि तेलाने रेशीम कुजते, त्यामुळे माळ काही वर्षांनी उसवून नव्याने गाठवावी लागते. सोनाराकडे घर लग्नामुंजीला जाई, पटवेकऱ्याची गरज मात्र पुन्हा पुन्हा पडे. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने कारागीर जातींच्या वर्णनात पटवेकऱ्यांची स्वतंत्र दखल घेतली आहे, आणि शहराच्या हस्तव्यवसायांत तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर सोन्या-चांदीच्या जरीचाही समावेश केला आहे. धातू भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून केसासारखी तार काढण्याचे कसब त्यामुळे या शहराला अपरिचित नव्हते.

नथीत दोरा आणि तार या दोन्ही परंपरा एकत्र आलेल्या दिसतात. तिची जाड तार नाकाच्या भोकातून जाते, तिच्या पुढच्या भागावर मोती बारीक तारेत ओवून वेढे देत घट्ट बसवले जातात आणि मधे लाल-हिरवे खडे येतात. या वेढ्यांत मोती हलता कामा नये, पण तार इतकी आवळताही कामा नये की भोकाशी मोत्याला चीर जाईल. आज घरी नथ करणाऱ्या स्त्रिया सोनेरी मुलाम्याच्या पितळी तारेवर नेमका हाच तोल सांभाळतात. तारेची जाडी ‘गेज’ या मापाने सांगतात, आणि आकडा वाढेल तशी तार बारीक होत जाते. सांगाड्याला साधारण वीस गेजची, म्हणजे पाऊण ते एक मिलिमीटर जाडीची तार घेतात आणि मोती बांधायला अठ्ठावीस गेजची, जी मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी असते.

मात्र घरातल्या हौसेचे खरे प्रशिक्षण मोत्यांवर नव्हे, साखरेवर झाले. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर घालायचे आणि लहान मुलाच्या बोरन्हाणाला चढवायचे हलव्याचे दागिने घरातल्या बायका स्वतः करीत, आणि विस्तवाविना कामाच्या या परंपरेत विस्तव आला तो एवढाच, तोही स्वयंपाकघरातला. मंद निखाऱ्यांवरच्या परातीत खसखस, तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा, त्यावर साखरेचा पाक चमच्याने अगदी थोडा थोडा सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे. पाक एकदम पडला की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो, आणि बेताने पडला तर काही दिवसांत प्रत्येक दाण्यावर काटा उभा राहतो. पौषातल्या कोरड्या थंडीत हा काटा चांगला धरतो. अशा दाण्याला भोक पाडता येत नाही, म्हणून दोऱ्याच्या फासात एकेक दाणा आवळून सर करावा लागतो. पटवेकऱ्याच्या गाठी घरातल्या हाताला ठाऊक झाल्या त्या अशा, आणि चुकलेला माल खाऊन टाकता येत असल्याने हे शिक्षण स्वस्तही पडले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या घरगुती कौशल्याला संस्थांचा आधार मिळाला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने शिवण, विणकाम यांसारख्या कामांना स्त्रीशिक्षणात मानाचे स्थान दिले. मण्यांची तोरणे, काचेच्या नळ्यांची झुंबरे, ताटाभोवतीची मोत्यांची महिरप अशा वस्तू रुखवतात, म्हणजे वधूकडच्या हस्तकौशल्याच्या मांडणीत, येऊ लागल्या. रुखवताकडे कौतुकाने पाहण्याची रीत आहे. त्यात मुलीच्या हाताची परीक्षाही होती, हे त्या कौतुकात विसरले जाते.

दरम्यान कच्च्या मालाचे जग बदलले. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मोती जोपासण्यात यश मिळवले, आणि १९३० च्या सुमारास आखातातील मोत्यांचा व्यापार कोसळला. काचेच्या मण्यावर झळाळीचे लेपन केलेले खोटे मोती तर त्याहूनही स्वस्त होते. पुढे जानेवारी १९६३ मध्ये लागू झालेल्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई केली; ही मनाई काही वर्षांत सैल झाली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला. सोनारांसाठी तो काळ हलाखीचा होता, खोट्या दागिन्यांना मात्र त्याने मध्यमवर्गात मान मिळवून दिला. सदाशिव पेठेतून पायी दहा-पंधरा मिनिटांवर असलेल्या तुळशीबागेत गौरींसाठी आणि बायकांसाठी मोत्यांचे खोटे साज मिळू लागले, तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून मणी, तार, कड्या आणि फासे सुटे आणता येऊ लागले. तयार दागिना स्वस्त झाल्यावर घरचे काम थांबायला हवे होते. प्रत्यक्षात सुटे सामानही तितकेच स्वस्त झाल्याने ते वाढले.

अलीकडच्या काळात या हौसेला सर्वांत मोठी चालना दिली ती दूरचित्रवाणीने आणि चित्रपटांनी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतील नायिकेचे लांब मंगळसूत्र घरोघरी मागितले जाऊ लागले, आणि २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’नंतर पेशवाई थाटाच्या नथींना पुन्हा तेजी आली, नाक टोचलेले नसतानाही घालता येणारी चापाची नथ घरी करणाऱ्यांना त्यातूनच गिऱ्हाईक मिळाले. पेशवाईचा म्हणून विकला जाणारा आकार बहुधा पेशवाईचा नसतो, पण त्यातला मोती आजही तारेनेच बांधला जातो. काळ्या पोतीच्या बाबतीत मात्र घरच्या हौसेने मर्यादा पाळली आहे: खोट्या मण्यांची मंगळसूत्रे हौसेने ओवली जातात, पण लग्नातले, सोन्याच्या वाट्यांचे मंगळसूत्र तुटले की ते अजूनही बहुतेक घरांतून गाठवणाऱ्याकडेच नेले जाते.